नवमीचं लुगडं

"बाई बसवायची तर तसल्याच लुगड्यात बसवा. न्हायतर बसवू नका," हिंदुरावतात्या म्हणाले आणि खाटेवर कूस बदलून त्यांनी भिंतीकडे तोंड केलं.

राजलक्ष्मी सोप्यात खाली बसून गवारी निवडत होती. रविवार होता म्हणून ती बारामतीहून वरकुट्याला आली होती. तिनं वर पाहिलं, पण तात्यांची नुसती पाठ दिसली. आत भांड्यांचा आवाज थांबला. म्हाळसावहिनीनं ऐकलं होतं.

"म्या आनलंय की इंदापुरातनं," म्हाळसा दारात येऊन म्हणाली. तात्यांना ऐकू जाईल पण त्यांना उद्देशून वाटणार नाही, अशा बेतानं. "हिरवं हाय, जरीचं हाय. आता आनी तसलं म्हंजी कसलं?"

कसलं ते तिघांनाही ठाऊक होतं.

तात्यांच्या बायकोला, राजलक्ष्मीच्या आईला, सारजाबाईला जाऊन वर्ष उलटलं होतं. वैशाखात वर्षश्राद्ध उरकलं आणि आता हा पहिलाच पितृपंधरवडा. सारजाबाई अहेव गेली, म्हणजे नवरा मागे ठेवून, कपाळी कुंकू घेऊन गेली. अशा बाईच्या नावानं नवमीला घरात एक सवाष्ण बसवायची, तिला जेवू घालायचं, ओटी भरून लुगडं द्यायचं. पान उचलेपर्यंत तीच ती गेलेली बाई. यंदा बसणार होती कुशाबाई, सारजाबाईची चुलत जाऊ. दोघींनी उभा जन्म एकमेकींशी भांडत आणि एकमेकींच्या घरचं ताक नेत काढला होता. त्यामुळे सगळं जमून आलेलं होतं, आणि आता तात्यांनी हे काढलं.

तात्या कपड्यालत्त्याकडे बघणारे गृहस्थ नव्हते. बायकोला लुगडं आणायचं तेवढं ते स्वतः आणत. इंदापूरच्या बाजारातून, दरवेळी एकच. इरकल, बारीक चौकड्याचं, रात्रीसारखं गडद अंग, डाळिंबी काठ, आणि तांबड्यात पांढऱ्या रेघांचा टोपपदर. दुसरा रंग आणावा असं त्यांच्या मनात कधी आलं नाही आणि तिनं मागितला नाही. राजलक्ष्मीच्या आठवणीत आई पाठमोरी नेहमी एकाच रंगाची होती. विरलेली लुगडी गोधड्यांत गेली. एक बरं ट्रंकेत होतं ते तिच्यासोबतच गेलं. माहेरचं लुगडं पोचायला उशीर होत होता, म्हणून न्हाऊ घातल्यावर बायकांनी तेच नेसवलं. माहेरचं आलं ते वरून पांघरलं. तेव्हा तात्या काही बोलले नाहीत.

"म्हाताऱ्या मानसाचं काय मनावर घेताय," म्हाळसा आत जाता जाता म्हणाली. राजलक्ष्मीला तसं करता येत नव्हतं. आई गेल्यापासून तात्यांनी स्वयंपाकघरात पाऊल टाकलं नव्हतं. पूर्वी ते हंड्याशेजारच्या भिंतीला टेकून जेवत आणि आई चुलीपुढून एकेक गरम भाकरी त्यांच्या ताटात टाकी. आता ताट बाहेर खाटेवर यायचं आणि निम्मं परत जायचं. त्यांच्या मनगटाची हाडं वर आली होती. तसलं लुगडं मिळालं तर तात्या उठतील, आत येऊन पानावर बसतील, असं राजलक्ष्मीनं मनाशी धरलं. आणखी एक गोष्ट होती, ती तिनं कुणालाच सांगितली नाही. ते लुगडं त्या स्वयंपाकघरात, पाठमोरं, एकदा तिला बघायचं होतं. अंगावर कुणाच्याही असो.

बारामतीत ती एका कॉलेजच्या ग्रंथालयात होती. दुःख कमी झालं का, असं तिथे लोक विचारत. कमीजास्त तिला कळत नव्हतं, थकवा तेवढा कळत होता. ती शिडीवर चढे, वरच्या फळीपाशी पोचल्यावर कुठलं पुस्तक काढायला आलो ते विसरे आणि तशीच खाली उतरे. शोकाबद्दल माणसांनी लिहून ठेवलेलं पुष्कळ तिनं वाचलं होतं. गुडघ्यांत येऊन बसणाऱ्या ह्या शिणाबद्दल त्यात फारसं काही नव्हतं.

तिनं इंदापूरची दुकानं पालथी घातली. "नऊवारी इरकल? आता कोण नेसतंय, मॅडम," दुकानदार म्हणाले. "सहावारीत आहे, सेमीमध्ये. मशीन वॉश." त्यांनी गाद्यांवर गुलाबी, पोपटी, चिंतामणी असे गठ्ठे उलगडले, आणि तिच्या चेहऱ्याकडे बघून न बोलता परत घड्या घातल्या.

शेवटी तिची भाची श्रेया उपयोगी पडली. "आत्या, हे बघ," म्हणून तिनं फोनवर फोटो पाठवला. बारामतीत भिगवण रस्त्याला एक बुटीक निघालं होतं. जुन्या लुगड्यांची जाकिटं, धोतरांचे शर्ट, असलं काहीबाही. कॉलेजच्या पोरी तिथं पडीक असतात, असं श्रेयाचं म्हणणं. फोटोत एक पोरगी कोट घालून जीभ बाहेर काढून उभी होती. तिच्यामागे, कोपऱ्यात, भिंतीवर काहीतरी गडद लटकत होतं आणि त्याला डाळिंबी काठ होता.

कुशाबाईला बातमी लागली तशी ती म्हणाली, "माझ्या अंगावर चढायचं हाय, तर मी बघनार. तू बुकं निवडनारी बाय, तुला लुगड्यातलं काय कळतंय?" निमगाव केतकीला एसटीत बसून ती एकटी बारामतीला आली. स्टँडवर राजलक्ष्मी न्यायला गेली तेव्हा काकी बाकावर मांडी घालून एका अनोळखी बाईला तिच्या सुनेविषयी सल्ला देत होती.

दुकानावर पाटी होती 'जुनेरं'. कुशाबाईनं ती अक्षराला अक्षर लावून वाचली आणि पायरीवरच थांबली.

"जुनेरं? आन् पाटीवर लिवलंय सुदिक?"

"हो, काकी."

"आमी लपवायचो गं. पावनं आलं की दांडीवरचं आदी आत न्यायचो."

आत डांबरगोळ्यांचा आणि उदबत्तीचा वास होता. एका बाजूला शिलाईयंत्र, दुसऱ्या बाजूला उभा आरसा, आणि मधे लाकडी दांड्यांवर कपडेच कपडे. खणांचे गुडघ्यापर्यंतचे कोट. साखरेच्या पोत्याच्या पिशव्या, त्यांवरची अक्षरं अजून वाचता येत होती. ट्रकच्या मागे रंगवतात तसलं कमळ पाठीवर असलेलं जाकीट. आरशापुढे दोन पोरी फेट्याच्या कापडाच्या ढगळ विजारी लावून बघत होत्या.

कुशाबाईनं त्या विजारीचं कापड चिमटीत धरून बघितलं. "फेटा हाय ह्यो. डोईवरचा काढून पायात घातला?"

पोरी हसल्या. "मस्त दिसतं ना, आजी?"

"दिसतंय की. तुझ्या आज्यानं बघू नये म्हंजी झालं."

यंत्रामागून एक तिशीची मुलगी उठून आली. केस बारीक कापलेले, गळ्यात मापाची टेप. करुणा तिचं नाव. पुण्यात कपड्यांचं शिक्षण घेऊन, थोडे दिवस तिथेच नोकरी करून ती परत आली होती. "या आजी, बसा. पाणी देऊ?"

"आजी नगं, काकी म्हन. आन् ह्ये काय हाय ते सांग आदी." कुशाबाईनं एक जाकीट हँगरसकट उचललं होतं. पाठीवर अख्खा टोपपदर बसवलेला. "चांगल्या लुगड्याची दशा केली की गं. बोहारनीनं सुदिक आसं केलं नसतं."

"काही बोहारणीकडूनच येतात, काकी. विरलेलं असतं. जेवढं धड असेल तेवढंच घेते."

"आन् उरल्यालं?"

"उरलेल्याची बटणं." करुणानं कापड मढवलेली बटणं ओंजळीत घेऊन दाखवली.

कुशाबाईला ते पटलं असावं. तिनं जाकीट अंगावर चढवलं, आरशापुढे गेली, नऊवारीवर ते कसं दिसतं ते पुढून बघितलं, मागून बघितलं. "फौजदार दिसतीया," ती स्वतःशी म्हणाली आणि काढायला लागली. हात बाहीत अडकला तो करुणानं सोडवला.

ह्या सगळ्यात राजलक्ष्मी काउंटरमागच्या भिंतीकडे बघत होती. फोटोतलं ते लुगडं तिथे होतं. एका आडव्या बांबूवर, निम्मं अलीकडे आणि निम्मं पलीकडे सोडलेलं, अख्खं, न कापलेलं. चौकडा बारीक, अंग गडद. वरून पंख्याचं वारं लागून काठ हलत होता. तिला बसावंसं वाटलं. स्टूल होतं, त्यावर ती बसली. मग म्हणाली, "ते दाखवता का?"

करुणानं मागे वळून बघितलं. "ते विकायचं नाहीये. ते नुसतं लावलंय."

"मला थोडं सांगू द्या," राजलक्ष्मी म्हणाली, आणि तिनं सांगितलं. आई, नवमी, तात्या. आपण हे एखादा पत्ता सांगावा तसं सांगतो आहोत, हे तिला स्वतःलाच ऐकू येत होतं. तात्यांच्या ताटाचं सांगताना मात्र तिला मधे थांबावं लागलं.

करुणा पोरींना म्हणाली, "तुम्ही उद्या या गं." त्या गेल्यावर बांबूवरून लुगडं उतरवून तिनं काउंटरवर ठेवलं. "विकत नाही देणार. पण आम्ही भाड्यानं देतो. लग्नाआधीचे फोटो काढायला मुली नऊवारी नेतात. हे कधी दिलं नाही. तुम्हाला देईन. भाडं नको."

"भाड्याचं लुगडं वटीत घालायचं व्हय?" कुशाबाई पुढे आली. "आसं कुठं आसतंय? वटीत कोरं लागतंय. घडी मोडल्यालं सुदिक चालत न्हाय."

हे राजलक्ष्मीलाही माहीत होतं. जे लुगडं हवं होतं ते आता फक्त जुनंच मिळणार, आणि जुनं देता येणार नाही. इतक्या दिवसांत ही साधी गोष्ट तिनं मनापुढे येऊच दिली नव्हती.

कुशाबाई काठ बोटांनी चोळत राहिली. तिचं डोकं चालू होतं. "पर म्हाळसानं आनलंय की कोरं. द्यायचं त्ये द्या. म्या येताना काय नेसून यायचं, ह्येला कुठं रीत हाय? म्या काय उघडी येनार हाय का? ह्ये नेसून येती, त्ये वटीत घेती. तात्याला डोळ्यापुढं पायजे ना? हाय मग."

राजलक्ष्मीला हसू आलं. बऱ्याच दिवसांनी.

"कुनाचं हाय गं ह्ये?" कुशाबाईनं विचारलं.

"माझ्या आजीचं. कळसची आमची आजी. रंगुबाई. गेली दोन वर्षांमागं."

"आडनाव काय म्हनलीस?"

म्हणाली नव्हतीच. करुणानं कुशाबाईकडे बघितलं, मग राजलक्ष्मीकडे. तिनं आडनाव सांगितलं, आणि पुढचा प्रश्न विचारायची वेळ येऊ नये म्हणून घरही सांगितलं. "बुद्धविहाराच्या मागचं."

पंखा फिरत होता. कुशाबाईचं बोट काठावर होतं, ते तिथेच थांबलं. उचललं नाही, पण थांबलं. राजलक्ष्मीनं ते पाहिलं. करुणानंही पाहिलं. ह्या विषयावर पुस्तकांची एक अख्खी भिंत राजलक्ष्मीच्या ताब्यात होती. त्यातलं एक वाक्य वेळेला तिच्या तोंडात आलं नाही.

"म्हाळसाला सांगू नगंस, राजे," कुशाबाई हळूच म्हणाली. करुणा समोरच उभी होती तरी.

करुणानं लुगडं काउंटरवरून आपल्याकडे ओढलं. रागावून नव्हे, दुकानात कापड आवरतात तसं. "मग नाही देता येणार, काकी. न सांगता नाही. आजी माझी होती."

"आगं, तसं न्हाय—"

"तसंच आहे. चालतं. तुम्हाला नको असेल तर राहू दे." ती घडी घालू लागली. तिचे हात सवयीचे होते, काठाला काठ आपोआप जुळत होता. "माझा काही श्राद्धपक्षावर विश्वास नाही. यांनी वडलांचं सांगितलं म्हणून काढलं."

राजलक्ष्मी उठली. "बरोबर आहे तुमचं," ती म्हणाली. ती दाराकडे वळली, कारण आणखी उभं राहण्याचं बळ नव्हतं. निदान पायरीवर वारं लागलं असतं.

कुशाबाई हलली नाही. "पदराला डाग हाय," ती म्हणाली.

"तंबाखूचा. जात नाही."

"खायची?"

"मिश्री. आणि तंबाखूही. डॉक्टरनं बंद केला तर गोधडीत लपवून ठेवायची."

"सारजी बी. पिठाच्या डब्यात ठिवायची. त्यो वास भाकरीला लागायचा, तरी तात्याला कळलं न्हाय." कुशाबाईनं नाक ओढलं. थोडा वेळ तिनं दुकानभर नजर फिरवली, कोटांवर, पिशव्यांवर, भिंतीवरच्या मोकळ्या बांबूवर. मग म्हणाली, "दे हिकडं. सांगती. मीच सांगती, हिच्याच्यानं हुयाचं न्हाय. आता मला कोन खातंय?"

करुणा तिच्याकडे बघत राहिली. ह्या म्हातारीच्या शब्दावर किती भरवसा ठेवावा ह्याचा तिचा अंदाज चाललेला दिसत होता. शेवटी तिनं लुगडं एका कापडी पिशवीत घातलं. "धुऊ नका. जसं नेलं तसं आणा."

परतताना स्टँडपर्यंत पिशवी कुशाबाईनंच धरली. एसटी लागल्यावर पिशवी मांडीवर घेऊन, खिडकीतून म्हणाली, "राजे, तुजी आई आसती तर तिनं घेतलं नसतं बग."

"मला माहीत आहे, काकी."

"म्या बी घेतलं नसतं. पर आता हातात हाय."

नवमीला राजलक्ष्मी रजा टाकून आदल्या संध्याकाळीच आली. सकाळपासून स्वयंपाक. खीर, वडे, कढी, भोपळा, गवारी, कारल्याचं पंचामृत. म्हाळसा भराभर काम करणारी, तिच्या हाताखाली राजलक्ष्मी संथ. भावकीतल्या दोघी वडे थापत होत्या. धाकटा भाऊ रणजित, म्हाळसाचा नवरा, निवद घेऊन गच्चीवर गेला होता. स्वयंपाकघरात, हंड्याशेजारच्या भिंतीला, म्हाळसानं पाट मांडला होता आणि भोवती रांगोळी ओढली होती. तात्यांसाठी समोर दुसरा पाट राजलक्ष्मीनं मांडला. म्हाळसानं त्या पाटाकडे पाहिलं आणि ती पुन्हा शेगडीकडे वळली. तात्या बाहेर खाटेवर, नेहमीसारखे.

कुशाबाई आली ती मागच्या दारानं नाही, पुढून आली. अंगणातून सोप्याच्या पायरीवर चढली आणि उभी राहिली. नेसणं घट्ट, ओचा नीट, टोपपदर डोक्यावरून. राजलक्ष्मी खिरीचं पातेलं उतरवत होती, दारातून तिला काठ तेवढा दिसला.

"आमचं धनी म्हनलं, सारजावयनी आल्या का काय," कुशाबाई मोठ्यानं सांगत होती. "म्हनलं, व्हय, तुमास्नी न्यायलाच आल्यात." वडे थापणाऱ्या दोघी हसल्या. मग तिनं त्याच आवाजात, श्वास न घेता, पुढचं सांगून टाकलं. "लुगडं भाड्याचं हाय. बारामतीच्या दुकानातनं. कळसच्या रंगुबाईचं हाय, विहाराच्या मागं राहायची. मरून गेली. तिच्या नातीनं सांगायला लावलंय म्हनून सांगती. सांगितलं."

हसणं थांबलं. कढईत तेल तडतडत होतं. म्हाळसानं गॅस बारीक केला, हात पुसले आणि दाराशी आली.

"काकी, आज म्हाळाचा सैपाक हाय," ती म्हणाली. आवाज चांगला होता, वाईट नव्हता. "मेल्याल्या बाईचं, वापरल्यालं, आत कसं न्यायचं? माझं काय न्हाय. उद्या घरात कुनाला काय झालं तर मलाच बोल लागंल. घरला जाऊन बदलून या ना."

"मेल्याल्या बाईचं," कुशाबाई म्हणाली. "व्हय, त्ये बी हाय."

कुठला शब्द गाळलाय हे पाचीजणींना ठाऊक होतं. वडे थापणारी एक आपल्या हाताच्या पिठाकडे बघत होती.

राजलक्ष्मीला वाटलं, आता आपण बोलावं. म्हाळसाशी भांडावं. त्यासाठी लागणारं सगळं तिच्याजवळ होतं, फक्त अंगात त्राण नव्हतं. म्हाळसानं आईला शेवटचे महिने अंघोळ घातली होती, हेही तिला विसरता येईना. तिनं खाली वाकून पाट उचलला. रांगोळी पुसली गेली.

"ताई, काय करताय?"

"पानं बाहेर मांडते. आत नको ना? मग बाहेर."

तिनं पाट सोप्यात नेऊन भिंतीला लावला. परत येऊन दुसरा नेला. मग केळीची पानं, पाण्याचा तांब्या, कढीचं पातेलं. पातेलं जड होतं, ते दोन्ही हातांनी छातीशी धरून, उंबरा जपत ती चालली. म्हाळसा दारातून बाजूला झाली, मदत केली नाही, अडवलंही नाही. चौथ्या की पाचव्या खेपेला वड्यांची परात उचलायला राजलक्ष्मी वाकली तेव्हा थापणाऱ्यांतली धाकटी उठली आणि परातीची दुसरी बाजू तिनं धरली.

कुशाबाई पाटावर बसली. भिंतीला टेकून, मांडी घालून, गुडघ्यावर पदर सावरून. राजलक्ष्मीनं तिच्या पायांवर पाणी घातलं, हळदकुंकू लावलं, ओटीत नारळ, तांदूळ आणि म्हाळसानं आणलेलं हिरवं जरीचं लुगडं घातलं. ते आणायला ती आत गेली तेव्हा म्हाळसानं स्वतःच ते कपाटातून काढून ताटात ठेवलं होतं, वर हळकुंड आणि सुपारी. नमस्कार करताना राजलक्ष्मीचं डोकं त्या काठाला लागलं. वास मिश्रीचा नव्हता, आईचा नव्हता. डांबरगोळ्यांचा होता. तिनं ते काठाजवळच राहून नीट समजून घेतलं आणि मग ती उठली.

तात्या सगळा वेळ खाटेवरून बघत होते. कधी उठून बसले ते कुणाला कळलं नाही. हात गुडघ्यांवर, मान पुढे. कुशाबाईनं डोक्यावरचा पदर थोडा पुढे ओढला आणि त्यांच्याकडे बघायचं टाळलं. इतकी वर्षं त्यांच्यापुढे तोंड चालवणारी बाई आज नव्या सुनेसारखी खाली बघत होती.

"कळसची रंगुबाई?" तात्या म्हणाले.

"व्हय."

"वळख न्हाय." त्यांची नजर काठावर गेली. "काठ बारीक हाईत ह्याचं. तिचं रुंद आसायचं. बोटभर तरी."

राजलक्ष्मीच्या हातात पळी होती. म्हणजे तेही नाही. इतकं करून तेही नाही. तिनं पळी कढीत ठेवून दिली.

तात्यांनी खाटेची कड धरली. आधी एक पाय खाली, मग दुसरा. काठी शोधली नाही. भिंतीला हात लावत ते चालत आले आणि कुशाबाईसमोरच्या पाटावर, गुडघे कुरकुरवत, खाली बसले. पान स्वतःकडे ओढलं.

मग म्हाळसा खिरीची वाटी घेऊन उंबऱ्यापर्यंत आली, तिथे थांबली आणि तिनं ती राजलक्ष्मीच्या हातात दिली. उंबऱ्याबाहेर ती आली नाही. राजलक्ष्मीनं वाटी घेतली आणि आधी तात्यांना वाढलं, मग चूक लक्षात येऊन कुशाबाईला. कुशाबाईची पाठ भिंतीला होती. ती पाठ राजलक्ष्मीला शेवटपर्यंत दिसली नाही.

"वाढ," तात्या म्हणाले. "भोपळा वाढ. वडं दोन दे."

तिनं दिले. त्यांनी एक मोडून तोंडात घातला, चावायला वेळ लागला, गिळला. दुसरा घास घेतला. राजलक्ष्मी समोर उकिडवी बसून त्यांच्या मनगटाकडे बघत होती. ते पानाकडून तोंडाकडे जात होतं आणि परत येत होतं.

"राजे," कुशाबाई खाली बघतच म्हणाली, "कढी ऊन करून आन गं. पार गार झालीय."

राजलक्ष्मीनं पातेलं उचललं आणि ती आत गेली. म्हाळसानं शेगडीवरची कढई बाजूला सारून तिला जागा करून दिली.